ग्राउनचा मनोरा आणि बावीस मीटर पाणी

एकाच इमारतीचा एक भाग सुरुंग लावून उडवायचा आणि त्याला खेटून असलेला दुसरा भाग कायद्याने जपायचा, असा प्रकार सहसा ऐकायला मिळत नाही. इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या सीमांजवळ असलेल्या ग्राउन या गावात तो घडला. तारीख २३ जुलै १९५०, वार रविवार. संत कॅथरिनच्या चर्चची मुख्य इमारत, म्हणजे जिथे बाकं होती, वेदी होती, जिथे दोनच आठवड्यांपूर्वी शेवटची प्रार्थना झाली होती ती, स्फोटाने जमीनदोस्त केली. तिच्या कडेचा चौदाव्या शतकातला घंटामनोरा तेवढा राहू दिला. मग पाणी चढलं. आज रेशेन जलाशयाच्या काठापासून थोड्याच अंतरावर तो मनोरा पाण्यातून सरळ वर आलेला दिसतो. कॅलेंडरवर, कोड्याच्या डब्यावर, मोबाइलच्या पडद्यावर कुठे ना कुठे तो आपण पाहिलेला असतो.

फोटो फार देखणा आहे, आणि तीच अडचण आहे. निळं पाणी, मागे बर्फाचे डोंगर, मधोमध टोकदार छपराचा एकटा मनोरा. बघणाऱ्याला वाटतं, कधीतरी पूर आला असेल, जुनं काहीतरी हळूहळू बुडालं असेल. प्रत्यक्षात इथे हळूहळू काहीच बुडालेलं नाही आणि निसर्गाचा यात हात नाही. पाणी किती चढवायचं हे कागदावर ठरलं होतं, घरं माणसांनी पाडली आणि मनोराही माणसांनीच ठेवला. मला या प्रकरणात प्रश्न एवढाच पडला होता की सगळं पाडलं तर मनोरा का ठेवला? त्याचा माग काढायला बसलो तर गोष्ट मनोऱ्यापासून बरीच मागे गेली.

दोन नावांचं गाव

ग्राउन हे फिन्शगाउ खोऱ्याच्या अगदी वरच्या अंगाला, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटरवर होतं. जवळच रेशेन खिंड आहे. आल्प्स ओलांडणारा रोमनांचा जुना मार्ग याच खिंडीतून जाई. आदिजे ही इटलीतली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी इथेच उगम पावते. खोऱ्यात ओळीने तीन नैसर्गिक तळी होती. वरचं रेशेनचं, मधलं ग्राउनचं आणि खालचं हायडरचं. मधल्या सपाटीवर गवताची कुरणं आणि शेती. इतक्या उंचीवर सपाट जमीन म्हणजे सोनं. गुरांच्या हिवाळ्याच्या चाऱ्याची सगळी बेगमी तिच्यावर होत असे. डोंगरउतारावर घर बांधता येतं, पण उतारावर गवत वाळवून गंज्या भरायच्या म्हणजे काय कष्ट असतात ते घाटमाथ्यावरच्या माणसाला सांगायला नको.

गाव जर्मन बोलणारं. पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातलं. १९१९ च्या सेंट जर्मेनच्या तहाने दक्षिण टिरोल, म्हणजे ग्राउन ज्यात येतं तो सगळा प्रांत, इटलीकडे गेला आणि गावकरी जागचे न हलता दुसऱ्या देशाचे नागरिक झाले. १९२२ मध्ये मुसोलिनी सत्तेवर आल्यावर नावं बदलण्याची मोहीम निघाली. ग्राउनचं कुरोन झालं, रेशेनचं रेझिया. १९२३ पासून शाळांमधून जर्मन हद्दपार व्हायला लागली. मग पोरांना चोरून, कोणाच्या तरी घरात, जर्मन लिहायला-वाचायला शिकवलं जाई. कचेरीत इटालियन, घरात जर्मन. हे भाषेचं प्रकरण पुढे नेमकं कुठे नडलं ते येईलच.

१९३९ मध्ये आणखी एक घाव बसला. हिटलर आणि मुसोलिनी यांच्यात करार झाला की दक्षिण टिरोलच्या जर्मनभाषकांनी एक काय ते ठरवावं. जर्मनीत जावं, नाहीतर इथे राहून इटालियन व्हावं. बहुसंख्यांनी जाण्याचा पर्याय नोंदवला. प्रत्यक्षात गेले ते सुमारे ७५,०००. घराघरांत भांडणं झाली, जाणारे आणि राहणारे एकमेकांचं तोंड बघेनात. धरणाचं काम डोक्यावर आलं ते नेमकं या काळात. ज्या गावातल्या अर्ध्याअधिक लोकांनी निघायचं म्हणून सही केली आहे ते गाव एकजुटीने हरकत घेईल कसं?

पाच मीटर आणि बावीस मीटर

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली या दोन आकड्यांत आहे.

तळ्यांचं पाणी अडवून वीज करायची कल्पना जुनी होती. १९२० च्या सुमाराच्या योजनेत पाण्याची पातळी पाच मीटरने वाढवायची होती. पाच मीटरने काठची काही कुरणं गेली असती, गाव राहिलं असतं. लोकांनी ते ऐकलं होतं, कुरकुर करत का होईना पचवलं होतं. पुढे मोंतेकातिनी या बड्या रसायन आणि वीज कंपनीने योजना हाती घेतली आणि १९३९ नंतरच्या आराखड्यात पाच मीटरचे बावीस मीटर झाले. बावीस मीटरला वरची दोन तळी मिसळून एक होतात आणि मधलं गाव तळाशी जातं.

बावीस मीटर कशासाठी, हे समजून घ्यायला विजेचा साधा हिशोब पुरतो. आल्प्समध्ये पाणी येतं उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर. विजेची गरज मोठी असते हिवाळ्यात. उन्हाळ्याचं पाणी साठवून हिवाळ्यात सोडता आलं तर त्याच पाण्याची किंमत वाढते. म्हणून साठा मोठा हवा. या जलाशयात सुमारे १२ कोटी घनमीटर पाणी मावतं. ते बोगद्याने पाचशे मीटरांहून जास्त खाली, ग्लुर्न्सजवळच्या वीजघराकडे जातं. एक घनमीटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की नुकसान वजा जाता सव्वा युनिटच्या आसपास वीज देतं. ढोबळ गुणाकार केला तरी भरलेला जलाशय एकदा रिकामा करणं म्हणजे चौदा-पंधरा कोटी युनिट. पाच मीटरच्या योजनेत असा साठा होण्यासारखा नव्हता. कंपनीच्या कागदावर ग्राउन हे गाव नव्हतंच, तो साठ्याच्या आड येणारा एक आकडा होता.

भिंतीवरचा कागद

बावीस मीटरच्या योजनेची जाहीर सूचना ग्राउनच्या कचेरीत लावली गेली. नियमाप्रमाणे ती लावावीच लागते. ठरलेल्या मुदतीत हरकत आली नाही तर काम पुढे सरकतं. सूचना इटालियनमध्ये होती. गावातल्या थोरांना इटालियन जेमतेम येई. सरकारी अभियांत्रिकी इटालियन तर त्याहून वेगळी भाषा. त्या कागदावर पाणलोट, पातळी, अधिग्रहण असले शब्द. मुदत संपली आणि हरकतीचा रकाना कोरा राहिला.

आपल्याकडे धरणग्रस्तांच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. चावडीवर नोटीस डकवली, पंचनाम्यावर सह्या झाल्या, आणि "तेव्हा कुणी काही बोललं नाही" हे वाक्य पुढची तीस वर्षं फाईलमध्ये राहतं. कागद कायदेशीर होता, हेच त्यातलं दुखणं. फसवणूक म्हणावी तर सगळी प्रक्रिया पाळलेली.

पण भाषेलाच सगळा दोष दिला तर ते सोयीचं होईल, खरं होणार नाही. मुळशीचं उदाहरण समोर आहे. १९२१ मध्ये टाटांच्या वीजधरणाविरुद्ध मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांसारखा नेता, मराठीत लिहिणारी वर्तमानपत्रं, पुण्याचा पाठिंबा, सगळं होतं. नोटीस वाचता न येण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही १९२४ पर्यंत लढा थंडावला, धरण झालं आणि वीज मुंबईला गेली. तेव्हा ग्राउनच्या लोकांना इटालियन येत असतं तर गाव वाचलं असतं असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणेन की त्यांना मुळशीसारखं हरताही आलं नाही. लढाई सुरू झाल्याचं कळेपर्यंत ती संपली होती.

१९४३ मध्ये वरिष्ठ मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षी मुसोलिनी पडला, जर्मन सैन्य आलं, काम थांबलं. इथे गावकऱ्यांना वाटलं असणार की सुटलो. १९४५ ला युद्ध संपलं. १९४६ च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसमध्ये ऑस्ट्रिया आणि इटली यांच्यात करार झाला, त्यात जर्मनभाषकांना भाषेची आणि स्वायत्ततेची हमी दिली गेली. त्याच वर्षी इटलीत राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं. फासिस्ट राजवटीत मिळालेली परवानगी आता कोण मानणार?

सगळ्यांनी मानली. सरकार बदललं होतं, फाईल तीच होती. युद्धाने मोडलेल्या इटलीला वीज हवी होती. शेजारच्या स्वित्झर्लंडला हिवाळ्यात वीज कमी पडत होती. तिथल्या गुंतवणूकदारांनी मोंतेकातिनीला ३ कोटी फ्रँक देऊ केले, बदल्यात दहा वर्षं हिवाळ्याची वीज घ्यायची. पैसा उभा राहिला आणि काम दुप्पट वेगाने सुरू झालं. हुकूमशहाने जे अर्धं सोडलं ते लोकशाहीने आणि परदेशी कर्जाने पुरं केलं. या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा वाटतो. फासिस्टांना शिव्या घालून मोकळं होता येत नाही.

फादर रीपर

गावाचे धर्मगुरू आल्फ्रेड रीपर. बहुतेक आयुष्य याच गावात काढलेले. बाप्तिस्मे, लग्नं, मयती सगळं त्यांच्या हातून झालेलं. गावाच्या वतीने बोलायला दुसरं कोणी उरलं नव्हतं, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. अर्ज केले, कचेऱ्या गाठल्या, थेट रोमला जाऊन पोप पायस बारावे यांची भेट घेतली. भेट मिळाली. धरणाचं काम एक दिवसही अडलं नाही.

लोकांनी निदर्शनं केली, बांधकामाच्या जागी जमून विरोध केला. उशीर झाला होता. जलाशयाच्या खालच्या टोकाला, सांक्ट व्हॅलेंटिनजवळ, मातीचं धरण वर येत होतं. १९४९ मध्ये चाचणी म्हणून पाणी अडवलं तेव्हा शेतांत पाणी शिरलं. पाणी कुठवर येणार हे तोवर नकाशावर होतं. आता ते बांधावर दिसलं.

मोबदला तुटपुंजा होता. लिऱ्यात मिळालेल्या रकमेत तेवढीच शेतजमीन दुसरीकडे घेणं शक्य नव्हतं, कारण त्या उंचीवर तशी सपाट जमीन उरलीच नव्हती, ती तर पाण्याखाली जाणार होती. पैसा रोख मिळाला तरी गाय बांधायला कुरण कुठून आणायचं? "जमिनीला जमीन" ही मागणी आपल्याकडे का पुढे आली ते ग्राउनकडे पाहिलं की कळतं. अनेक कुटुंबांनी खोरं सोडलं. काही लोक तात्पुरत्या लाकडी बराकींमध्ये राहिले. तात्पुरतं या शब्दाचा सरकारी अर्थ काय असतो ते वेगळं लिहायला नको.

जुलै १९५०

९ जुलैच्या रविवारी जुन्या चर्चमध्ये शेवटची प्रार्थना झाली. १८ जुलैला मंगळवारी मनोऱ्यातल्या घंटा उतरवल्या. त्या अखेरच्या वाजल्या ते याच दिवसांत.

घंटा उतरवणं हा प्रकार आपण डोळ्यांसमोर आणून पाहावा असा आहे. घंटा मनोऱ्यात वरच्या मजल्यावर टांगलेली असते. या मनोऱ्याच्या वरच्या भागात जोडकमानी खिडक्या आहेत, एका चौकटीत दोन कमानी, मध्ये बारीक दगडी खांब. आवाज गावभर जावा म्हणून ठेवलेली ही भोकं. डोंगरातल्या गावात घंटा ही घड्याळही असते आणि दवंडीही. सकाळ झाली, दुपार झाली, कुणी गेलं, आग लागली, सगळं तीच सांगते. वेगवेगळ्या प्रसंगी वेगवेगळी घंटा वाजते आणि शेतात काम करणारा माणूस मान वर न करता ओळखतो. १८ जुलैनंतर मनोरा उभा होता, पण मुका झाला होता. नंतर पाच दिवसांनी चर्च उडवलं.

घरांचंही तेच. ग्राउन आणि रेशेनचा काही भाग, शिवाय आर्लुंड, पिट्स, गोर्फ अशा वाड्या मिळून १६३ घरं आणि ५२३ हेक्टर कसलेली जमीन गेली. घरं नुसती सोडून द्यायची नव्हती, पाडायची होती. ते का, असं वाटू शकतं. या जलाशयाची पातळी दरवर्षी वरखाली होते. वसंतात पाणी तळाला जातं तेव्हा उभी भिंत उघडी पडते, कोसळते. शिवाय छपराची लाकडं सुटून तरंगत बोगद्याच्या तोंडाशी अडकली तर वीजघर बंद. म्हणून सुरुंग. माणसं कडेच्या उतारावर उभी राहून आपापली घरं खाली बसताना बघत होती. काहींची घरं तर पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळाकडे होती.

आणि त्या धुरळ्यातून मनोरा तेवढा उरला.

मनोराच का?

उत्तर रुक्ष आहे. मनोरा चौदाव्या शतकातला होता. चर्चच्या संदर्भात १३५७ हे वर्ष सांगितलं जातं. रोमनेस्क धाटणीचा चौकोनी दगडी मनोरा, जोडकमानी खिडक्या, वर टोकदार छप्पर. वय आणि घडण पाहता पुरातन वास्तू म्हणून त्याला संरक्षण होतं. वारसा खात्याच्या नियमाने तो पाडता येईना. कंपनीलाही त्याने काही फरक पडत नव्हता. एकटा दगडी मनोरा बोगद्यात अडकत नाही, साठाही कमी करत नाही. म्हणून ठेवला. गावाला विचारून ठेवला असं नाही, गावासाठी ठेवला असंही नाही.

इथे जरा थांबतो. कायद्याने मनोऱ्याला सहाशे वर्षांचा म्हणून वाचवलं. पण गावाचं वय काय होतं? मनोरा सहाशे वर्षांपूर्वी बांधायला लोक होते म्हणजे गाव त्याहून जुनं. त्या लोकांची घरं मात्र सहाशे वर्षांची नव्हती. कारण उघड आहे. घर राहतं असतं. छप्पर दर काही वर्षांनी बदलावं लागतं, भिंत आग लागल्यावर पुन्हा बांधतात, गोठा वाढवतात, सून आली की खोली काढतात. राहत्या घराला तारीख टिकत नाही. घंटामनोऱ्यात कोणी राहत नाही, म्हणून त्याची तारीख टिकली. जे वापरून झिजलं ते संरक्षणाच्या यादीत बसलं नाही. त्या खात्यातल्या माणसांची ही चूक म्हणता येत नाही. त्यांनी त्यांचं काम चोख केलं. त्यांच्या कामाच्या व्याख्येत माणसं येत नव्हती.

याची उलट बाजूही तितकीच खरी. मनोराही उडवला असता तर? आल्प्समध्ये धरणाखाली गेलेल्या वाड्या-वस्त्या आणखीही आहेत, पण त्या किती जणांना नावाने माहीत आहेत? ग्राउनचं नाव घेतलं जातं, कारण पाण्यातून काहीतरी वर आलेलं दिसतं आणि गाडीतून जाणारा माणूस विचारतो, हे काय? तो एक प्रश्न मनोऱ्याने जिवंत ठेवला. पळसदेवचं पळसनाथ मंदिर उजनीच्या पाण्यातून वर येतं तेव्हा इंदापूरकडे गाड्यांची रांग लागते. गोव्यात साळावली धरणात गेलेलं कुर्डी, गानतपस्विनी मोगूबाईंचं कुर्डी, मे महिन्यात उघडं पडतं तेव्हा जुने गावकरी सोमेश्वराला आणि चॅपलला परत येतात. ग्राउनला आणि या दोघांना एका माळेत ओवायची घाई नको, कारण एक मोठा फरक आहे. पळसदेव आणि कुर्डी पाणी आटल्यावर दिसतात. ग्राउनचा मनोरा भर पाण्यात, वर्षभर दिसतो. त्यामुळे तिथे बघायला येणाऱ्याला गावकरी असावं लागत नाही, तिकडे त्याचं कोणी असावं लागत नाही. फोटो निघतो.

पाण्यात उभं राहणं

मनोरा ठेवणं सोपं होतं, टिकवणं सोपं नाही. दगडी बांधकामाला पाण्याखाली राहणं तसं फारसं जड जात नाही. जड जातं ते ओलं-कोरडं होणं आणि गोठणं. हिवाळ्यात रेशेनचं पाणी गोठतं, लोक बर्फावरून चालत मनोऱ्यापर्यंत जातात, पतंगाच्या ओढीने बर्फावरून सरकण्याचे खेळ चालतात. त्या वेळी सांध्यातल्या चुन्यात शिरलेलं पाणीही गोठतं. पाणी गोठलं की आकारमान नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. एका रात्रीत काही होत नाही. पण सांधा थोडा उघडतो, पुढच्या वर्षी त्यात थोडं जास्त पाणी, परत बर्फ, परत थोडी फट. भरीला जलाशय हिवाळ्यात उपसला जातो, म्हणजे पाण्याची रेघ रोज खाली सरकते आणि हा मार भिंतीच्या एका पट्ट्यावर न बसता वरपासून खालपर्यंत फिरत राहतो. २००९ मध्ये भेगा बुजवून मनोऱ्याची डागडुजी केली गेली, त्यासाठी १,३०,००० युरो मंजूर झाले होते.

हिवाळ्याच्या रात्री पाण्याखालून घंटांचा आवाज येतो, अशी आख्यायिका तिथे सांगतात. घंटा तर १८ जुलैलाच उतरल्या होत्या, त्यामुळे तर्काने आवाज यायचं कारण नाही. गोठलेला मोठा जलाशय मात्र खरोखर बोलतो. पातळी खाली गेली की वरचा बर्फ आधाराविना वाकतो, तडकतो, आणि तो कडकडाट खोऱ्यात दूरवर घुमतो. आख्यायिका तिथून आली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण ज्याने लहानपणी त्या घंटा ऐकल्या आहेत त्याला रात्री तो आवाज काय वाटला असेल ते कळतं.

नवं ग्राउन वरच्या उतारावर, जलाशयाच्या पूर्वेला वसलं. तिथे संत कॅथरिनच्याच नावाचं नवं चर्च आहे. नगरपालिकेच्या मानचिन्हावर लाटांतून वर आलेला मनोरा आहे. ही गोष्ट मी बराच वेळ उलटसुलट विचारात घेतली. ज्या पाण्याने गाव गेलं त्याच लाटा मानचिन्हावर घ्यायच्या? आधी ते विचित्र वाटलं. मग वाटलं, दुसरं घेणार काय? जुन्या गावाची ओळखीची, बोट दाखवता येईल अशी दुसरी वस्तूच शिल्लक नाही. आज गावाच्या कमाईत पर्यटनाचा मोठा वाटा आहे आणि पर्यटक येतात ते मनोऱ्यासाठी. म्हणजे वारसा खात्याने आपल्या नियमाने जे ठेवलं ते फिरून गावकऱ्यांच्या पदरात पडलं, फक्त ज्यांच्यासमोर घर पाडलं गेलं त्यांच्या नव्हे, नातवंडांच्या.

२०२१ च्या वसंतात दुरुस्तीच्या कामासाठी जलाशयाचं पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली नेलं. तेव्हा मनोऱ्याच्या आसपासचा तळ उघडा पडला आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदाच जुन्या घरांचे अवशेष दिसले. जोती, भिंतींचे तळ, तळघरं, त्यांत उतरणाऱ्या पायऱ्या. सुरुंगाने जमिनीच्या वरचं गेलं होतं, जमिनीत गेलेलं राहिलं होतं. तळघर म्हणजे त्या भागातलं बटाट्याचं, चीजचं, दारूच्या पिंपाचं कोठार. घराचं सर्वांत आतलं अंग. लोक गाळातून वाट काढत त्या पायऱ्यांपर्यंत गेले, काहीजण कोणाचं घर कुठे होतं याचा अंदाज बांधत होते. मोजायचं ते मनोऱ्यापासून. मनोऱ्याच्या या अंगाला इतकं, त्या अंगाला इतकं. मग काम संपलं, पाणी पुन्हा चढवलं आणि पायऱ्या परत गेल्या.